पूनमचा बेस कॅम्प

यंदा थंडी जरा लवकरच आली. परवा सकाळी शाळेत निघालो तर गाडीच्या सीटवर दव साचलेलं होतं. कळंबच्या चौकात चहाच्या टपरीसमोर माणसं दोन्ही हातांनी ग्लास धरून उभी होती आणि सगळ्यांच्या तोंडी एकच कौतुक, यंदा झकास थंडी पडली बुवा. आमच्याकडच्या माणसाला थंडीचं अप्रूप फार. उन्हानं भाजून भाजून जीव कासावीस झालेला असतो, त्यामुळे डिसेंबर म्हणजे त्याला माहेरपण वाटतं. आम्हालाही एके काळी वाटायचं. आता वारा उत्तरेकडून यायला लागला की मी आणि नलू, म्हणजे माझी बायको, आधी एकमेकांकडे बघतो. मग कोणीतरी उठून पूनमच्या पायांत मोजे आहेत का ते बघून येतो.

पूनम आमची एकुलती एक मुलगी. ती चार वर्षांची असताना एका थंडीत पाय धरून रडायला लागली ती थांबेचना. मुरगळला असेल म्हणून आम्ही तेल चोळत बसलो. यवतमाळला नेलं तेव्हा कळलं की पायाला काही झालेलं नाही, दुखणं रक्तात आहे. सिकल सेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात, मग जिथे अडकतील तिथे कळ. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, दमली, हवा विरळ झाली, एवढं निमित्त त्यांना पुरतं. थोडं माझ्या रक्तातून आलं आणि थोडं नलूच्या. आम्हा दोघांना कधी साधी ठेचही लागल्यासारखी वाटली नव्हती, आणि लेकीच्या वाट्याला मात्र पुरं आलं. या गोष्टीचा राग कोणावर काढावा हे मला अजून समजलेलं नाही. वर्गातल्या पोरांवर थोडाफार निघतो, ती बिचारी सोसतात.

त्यानंतर आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरला गेलेला शब्द म्हणजे 'नाही'. गार पाण्यात हात घालायचा नाही. सकाळच्या दवात शेतात यायचं नाही. कॉलेजच्या सहलीला जायचं नाही. बर्फाचा गोळा नाही, विहिरीत पोहणं नाही, गाडी शिकणं तर नाहीच नाही. पूनम भांडायची, आदळआपट करायची, नलू ओरडायची, मी मध्ये पडून दोघींकडून बोलणी खायचो. चारचौघांसारखं भांडकुदळ घर होतं आमचं.

मी सांगतोय तो हिवाळा गेल्याच्या गेल्या वर्षीचा. त्या वर्षी दिवाळीत पूनम यवतमाळच्या दवाखान्यात होती. बाहेर फटाके वाजत होते आणि आत ती उशीचा कोपरा दातांत धरून पडली होती. या वेळची कळ छातीत गेली होती. ऑक्सिजनची नळी लागली. लक्ष्मीपूजन आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून घालवलं. नलूनं पिशवीतून पणती आणली होती, पण तिथे लावता येईना, तर ती तशीच मांडीवर घेऊन बसली. पूनम त्यातून निभावली. घरी सोडताना डॉक्टर मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जपा तिला. आनंदात ठेवा."

आनंदात ठेवा. सिनेमातले डॉक्टर चष्मा काढून हेच म्हणतात आणि पुढचं प्रेक्षकाला कळतं. मी पुढे काही विचारलंच नाही. नलूला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. तिनंही विचारलं नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी पूनमनं गाडी शिकायची म्हटलं. मी किल्ली दिली. तिला गुलाबजाम पाहिजे होते, नलूनं परातभर केले. पूनम उशिरापर्यंत फोन बघत बसायची, कोणी काही बोललं नाही. आणि एका दुपारी अंगणात उन्हाला बसलेली असताना ती सहज म्हणाली, "बाबा, मले एव्हरेस्टच्या बेस कॅम्पले जायचं आहे. पुण्याचे एक सर घेऊन जाते. एप्रिलमधी."

मी भूगोलाचा मास्तर. उंचावर हवा विरळ होत जाते, तापमान उतरत जातं, हे मी इतक्या वर्षांत इतक्या पोरांना शिकवलं आहे की झोपेतही म्हणू शकेन. समुद्रसपाटीपासून थोडंसंच वर असलेल्या आमच्या या पठारावर जिला ऑक्सिजनची नळी लागते, तिला तिथे काय होईल हे सांगायला मला डॉक्टरची गरज नव्हती.

"जाऊ ना," मी म्हणालो. "मीही येतो."

पूनमनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं.

मग तयारी सुरू झाली. शाळेतून आशियाचा नकाशा मी घरी आणला आणि कोठीच्या दाराला लावला. लुक्ला, नामचे अशी वाटेवरच्या गावांची नावं घरात वावरायला लागली. नलू तर नामचे असं म्हणायची जणू तिथे तिची मावसबहीण दिलेली आहे. "त्या नामचेले दोन दिवस थांबते म्हणे," ती शेजारणीला सांगायची. तीळ आणि शेंगदाण्याचे लाडू करून ती डब्यात भरायची, ते टिकतात का बघायला ठेवून द्यायची आणि पुन्हा नवे करायची. कोणी बाहेरून पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय हौशी कुटुंब आहे. घरात मात्र आम्ही दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं टाळत होतो. नलूला वाटे मी नाही म्हणेन. मला वाटे ती आई आहे, ती म्हणेल.

चढायचा सराव करायला आमच्याकडे डोंगर कुठे. सगळा काळ्या मातीचा सपाट मुलूख, नजर टाकावी तिकडे कापसाची पऱ्हाटी नाहीतर तूर. शेवटी मी चिंतामणीचं देऊळ निवडलं. आमचा गणपती जमिनीच्या पोटात आहे, त्याच्या दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. म्हणजे आधी उतरायचं आणि मग चढायचं. रोज ऊन वर आलं की आम्ही तिघं निघायचो. पूनम पाठीवर पिशवी घेऊन खाली जायची, देवाला हात जोडायची आणि चढायला लागायची. अर्ध्यात थांबायची. भिंतीला हात लावून उभी राहायची, ओठ पांढरे पडायचे. मी पाण्याची बाटली पुढे करायचो. ती पुन्हा खाली जायची.

दुर्वा विकणाऱ्या म्हातारीनं एकदा नलूला विचारलं, "पोरीचा नवस हाय काय वो बाई?"

"हाव," नलू म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावायला बाजूला गेली.

देवाशी माझं तेव्हा फार वाकडं होतं. मी खालीच उतरायचो नाही, वर चपला सांभाळत बसायचो. मनात मात्र सारखं त्यालाच म्हणायचो, तू तरी हिला थांबव. पायऱ्यांवरच दुखू दे, थोडंसंच दुखू दे, म्हणजे ती स्वतःच राहू द्या म्हणेल. बापानं असं मागणं मागावं याची लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागायचो.

त्या वर्षी दवाखान्यामुळे आमची सीतादहीसुद्धा लांबली होती. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी तशीच सुरू करत नाहीत. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा भात शेतात उधळायचा आणि मग बायांनी कापसाला हात लावायचा. त्या पहिल्या वेचणीतला ओटीभर कापूस आमच्या घरी विकत नाहीत. त्याच्या वाती होतात, आणि घरात नवीन रजई लागणार असेल तर तिच्यात जातो. आजीच्याही आधीपासून असं चालत आलं आहे. नलूनं खडे मांडले, भात उधळला आणि मग तशीच उन्हात बसून राहिली. मजूर बाया पुढे निघून गेल्या होत्या.

"तुमी सांगा ना तिले," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"काय ते. तुमाले माहीत नाई काय?"

"तू सांग. तुह्यं आयकते ते."

"मी नाई सांगत," नलू म्हणाली. "तिनं मांगतलं अन् मी नाई म्हटलं, अन् उद्या काई झालं, त मी सारी जिंदगी काय करू? नाई म्हटलं होतं हेच आठवत बसू?"

समोर सगळं शेत पांढरं फुटलेलं होतं. दर वर्षी ते पाहून बरं वाटतं. त्या दिवशी मला त्यात नुसता बर्फ दिसला. मी उठून कारण नसताना बांधावरचं गवत उपटत राहिलो.

तो ओटीभर कापूस मी रशीदभाईंकडे नेला. रशीदभाई आमचे गादीवाले, त्यांच्या वडिलांनी माझ्या लग्नातली गादी भरली होती. मी म्हटलं, रजई नको, पूनमसाठी बंडी करा, आत कापूस भरून. अंगाला नीट बसली पाहिजे, हिमालयात जायचं आहे. रशीदभाईंनी कापूस बोटांत धरून ओढून पाहिला. "बच्चीसाठी आहे ना गुरुजी, मंग टाके मीच घालतो. पोराच्या हाती नाही देत." त्यांनी इतके जवळजवळ टाके घातले की बंडी ढालीसारखी ताठ झाली. घरी आणून पूनमला घातली. आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "मी आता गादीच दिसून राह्यली." आणि हसली. त्या हिवाळ्यातलं तेवढंच एक हसणं मला आठवतं.

पुण्याच्या त्या सरांची, निनाद त्यांचं नाव, फोनवर सगळ्यांची एकत्र व्हिडिओ बैठक व्हायची. दिसायला तरुण होते, बोलणं स्वच्छ आणि शांत. कपड्यांबद्दल सांगायची बैठक होती तेव्हा मी मुद्दाम बंडी पुढे धरली. म्हटलं, बघा, घरच्या कापसाची आहे, पहिल्या वेचणीची.

"काका, फार सुंदर आहे," ते म्हणाले. "पण ही आणू नका. कापसाचं काहीच आणू नका. चढताना घाम येतो, कापूस तो धरून ठेवतो, वाळत नाही. मग थांबलात की अंगावर गार फडकं गुंडाळल्यासारखं होतं. कापसानं तिथे माणूस गारठतो."

मला राग आला. "अहो, आम्ही यवतमाळचे. कापूस आम्हाला शिकवता?"

"म्हणूनच आधी सांगतोय, काका."

फोन बंद झाल्यावर मी बंडी मांडीवर घेऊन बसलो. आमच्याकडे ऊब म्हणजे कापूस. पोर जन्मली की कापूस, आजारी पडली की कापूस, थंडी वाजली की कापूस. एवढी एकच गोष्ट आमच्याकडे होती जी मी तिच्यासोबत वर पाठवू शकत होतो, आणि नेमकी तीच तिला मारणार होती. मग माझ्याजवळ द्यायला उरलं काय? लोकर, ते कसलेसे परदेशी जाकीट, सगळं दुकानातून आणता येतं, पण त्यात मी कुठे असतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. तोवर आम्ही नकाशा आणि लाडू यांच्याआड लपून बसलो होतो.

तरी मी नाही म्हटलं नाही.

संक्रांत झाली. थंडी हाडात शिरणारी होती. पूनमच्या बोटांची पेरं सुजायला लागली होती आणि ती हात पांघरुणात लपवायची. आम्ही पाहून न पाहिल्यासारखं करायचो. सकाळी पायऱ्या चालूच होत्या. मग निनादसरांची पुढची बैठक झाली. आम्ही तिघं समोरच्या खोलीत फोन वाटीला टेकवून बसलो होतो. ते म्हणाले, "आज फक्त तब्येतीबद्दल. दमा, हृदयाचा त्रास, रक्ताचं काही, जे असेल ते सांगा. लपवू नका. वर गेल्यावर कळलं तर मी काहीही करू शकत नाही."

पूनमनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी अंगठ्याचं नख बघत बसलो. मग तिनं आईकडे पाहिलं. नलू दूध उतू जाईल म्हणत उठली. चुलीवर दूध नव्हतं.

पूनमनं फोन हातात घेतला. "सर, मला सिकल सेल आहे. नुसती वाहक नाही, आजार आहे. दिवाळीत मला ऑक्सिजन लागला होता."

"मग मी तुम्हाला नेणार नाही, ताई," निनादसर म्हणाले. "तुम्ही माझ्यावर रागवा. पण मी नेणार नाही."

"थँक यू सर," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

मला वाटलं आता रडेल. ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा रागानं थरथरत होता. "पाह्यलं बाबा? त्याची मी कोणीच नाई. त्यानं मले धड पाह्यलंबी नाई. तरी त्यानं नाई म्हटलं. तुमी काहून नाई म्हटलं नाई?"

"तुह्या मनात होतं म्हणून..."

"माह्या मनात लहानपणापासून लय काई होतं. तवा त तुमी नाईच म्हणत होते. मी गाडी मांगतली. मले वाटलं, आता बाबा चिल्लावतीन. तुमी चाबीच देली. मंग मी म्हटलं, बेस कॅम्प मांगून पाहू. तिथं त कोणाचाबी बाप नाई म्हणन. मी दोन महिने वाट पाहून राह्यली, बाबा. रोज त्या पायऱ्या चढते अन् वाटते, आज तरी कोणी म्हणन, बस झालं, घरी चाल. तुमी पाण्याची बाटली देता."

मी फोनखालची वाटी उगाच हातात घेतली.

"जे जगणार असते, त्याले माय-बाप नाई म्हणते," पूनम म्हणाली. "तुमी दोघं मले पाव्हणीवानी वागवून राह्यले. पाव्हणी दोन दिवसांनी जाणार असते ना, म्हणून तिले काईच नाई म्हणत कोणी. मॅडमनं काय सांगतलं तुमाले? मी मरून राह्यली काय?"

"आनंदात ठेवा म्हटलं," मी म्हणालो.

"अन्?"

"एवढंच."

"अन् तेवढ्यावर तुमी मले मारूनच टाकलं?"

नलू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत आली आणि अशा आवाजात बोलली की शेजारचं कुत्रं उठून बसलं असेल. "नाई जायचं. आयकलं? नाई म्हंजे नाई. अन् ते गाडीची चाबी दे इकडे. बोटं सुजली ते मले दिसत नाई काय? मोजे काहून नाई घातले? गोळी घेतली काय दुपारची? कवापासून सांगून राह्यली गरम पाणी पी, गरम पाणी पी..." ती थांबेचना. दिवाळीपासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं, गुलाबजाम, फोन, उघडी खिडकी, भिजलेले केस. आणि पूनम जमिनीवर बसून ढसाढसा रडत ते सगळं ऐकत होती. एकदाही उलटून बोलली नाही. मी पुढे होऊन तिचे सुजलेले हात हातात घेतले आणि म्हणालो, "नाही जायचं, बेटा."

यात काही जिंकलो असं मी म्हणत नाही. त्याच फेब्रुवारीत पूनम पुन्हा दवाखान्यात होती. गेल्या थंडीतही होती. त्या फेब्रुवारीत मात्र मी डॉक्टर मॅडमना सरळ विचारलं, दिवाळीत तुम्ही आनंदात ठेवा म्हणालात, म्हणजे काय. त्या चकित झाल्या. "मी सगळ्यांनाच म्हणते तसं. किती वर्षं ते मला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही. गोळ्या चुकवू नका." म्हणजे जे माहीत नाही ते अजूनही माहीत नाही. दर हिवाळ्यात वारा फिरतो आणि तीच भीती परत येते. रात्री कण्हण्याचा आवाज आला की मी उठतो आणि दाराशी जाऊन थांबतो. मरणाला काही आम्ही नाही म्हणू शकलेलो नाही. त्याच्याकडे आमची मास्तरकी चालत नाही. पण ते यायच्या आधीच घर त्याच्या स्वाधीन करून आम्ही बसलो होतो, आणि पोरगी त्यात एकटीच जिवंत राहायला धडपडत होती, हे विसरता येत नाही.

पूनमनं आता एम.एस्सी.ला नाव घातलं आहे. यवतमाळला बसनं जाते येते. मैत्रिणींचं चिखलदऱ्याला जायचं ठरलं आहे, ऐन थंडीत, पहाटे उठून दरीतलं धुकं बघायला. काल जेवताना तिनं विषय काढला. मी ताटातून मान वर न करता नाही म्हणालो. ती म्हणाली, सगळ्या चालल्या. मी म्हणालो, जाऊ दे सगळ्यांना. उन्हाळ्यात जा, मी स्वतः सोडून येतो. ती म्हणाली, उन्हाळ्यात धुकं असते काय, भूगोल शिकवता ना तुमी. नलूनं माझी बाजू घेतली, तशी पूनमनं ताट ढकललं आणि खोलीत जाऊन धाडकन दार लावून घेतलं. भिंतीचा पोपडा पडला.

आज दिवसभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी गरम पाण्याचा थर्मास घेऊन मी तिच्या दारापर्यंत गेलो, तर आत फोनवर मैत्रिणीशी बोलणं चाललं होतं. "नाई ना यार, मी नाई येऊन राह्यली. माह्या बापाले तू ओळखत नाई. लय कडक माणूस आहे तो. एकदा नाई म्हटलं का नाईच." आवाजात राग होता, तक्रार होती, कुठल्याही घरातल्या कुठल्याही पोरीची असते तेवढी. थर्मास छातीशी धरून मी तिथेच उभा राहिलो आणि ती मला आणखी काय काय नावं ठेवते ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.